टोकवाडीच्या खवले मांजराचा ठावठिकाणा

श्रीवनदेवता समर्थ. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, पौष मासी राज्यात जे घडले ते यथामति लिहिले आहे. वाचणाराने चष्मा पुसोन वाचावे. त्याचे आदले साली महाराजांचे चित्ती दया उपजली, जे आपले रानातील जनावरे दिवसेंदिवस कमी होताती, तर दूरदूरच्या शाळांतील लेकरांस त्यांचे ज्ञान द्यावे. आणि त्याकरिता खजिन्यातून शाळेगणिक साठ हजारांची नेमणूक करून दिली. मग काय विचारता! जिकडे तिकडे ज्ञानाचा सुकाळ जाहला. एके शाळेने भिंतीवर जिराफ काढविला, मान छपराशी अडली म्हणोन उरलेली मान शेजारील चावडीवर काढविली, आणि रंगाचा खर्च दुप्पट लाविला. दुसरीने पेंग्विन काढविले, ते चैत्राचे उन्हात पोपडे होऊन गळाले, आणि मग दुरुस्तीची मागणी केली. पावत्या चोख होत्या, सबब हिशेब तपासणारे मुजुमदार मोरेश्वरपंत यांणी सर्व मंजूर केले.

आता राज्याचे अगदी कडेस, मोटार थांबते तेथून दीड कोस चढणीवर, टोकवाडी म्हणोन गाव. तेथील केरबा मास्तर यांणी भिंतीस चुनादेखील लाविला नाही. त्यांणी कातकरी वस्तीवरील सोमीबाई वाघे इजला पगार देऊन रानातील खवले मांजराचे धडे शिकवावयास ठेविले. ही बाई पाऊल पाहोन जनावर सांगे, लेंडी पाहोन त्याचे जेवण सांगे, आणि सही म्हणाल तर अंगठा. दरसाल ती वीटभट्टीवर परमुलखी जात असे आणि तिजबरोबर वस्तीतील सहा पोरे शाळा सोडोन जात. या साली ती राहिली, म्हणोन पोरेही राहिली. नेमणूक तुटली की बाई चालली आणि पोरेही चालली, हे मास्तरांस पक्के ठाऊक. म्हणोन मुजुमदारांची स्वारी तपासणीस येते ऐसे पत्र येताच त्यांस भाकर गोड लागेना.

मग स्वारी आली. पंत घामाघूम, मागे शिपाई कागद वाहतो आहे. पंतांनी कोऱ्या भिंतीकडे पाहिले आणि म्हणाले, "मास्तर, जिराफ कुठाय?"

"साहेब, आपल्या रानात जिराफ नाही."

"रानात नसेल हो! अंदाजपत्रकात बसतो की!"

मग पंत खुर्चीवर विराजमान जाहले आणि पोरांची परीक्षा आरंभिली. खवले मांजर काय खाते? "मुंग्या नि वाळवी!" भ्याले तर काय करते? "गोळा होतं!" पिल्लू कैसे नेते? "शेपटीवर बसवून!" पंत बहुत खूष जाहले, आणि तक्ता भरीत भरीत शेवटले रकान्यास पावले. तेथे लिहिले होते 'स्थान'. "आता सांगा, राहते कुठे?" तो सारी पोरे आपापल्या पाटीकडे पाहू लागली. पंतांनी पुढल्या रांगेतील तानी नामे मुलीस उठविले.

"तुला ठाऊक आहे?"

"हाय."

"मग सांग."

"नाय सांगणार."

पंतांनी खिशातून पेढा काढिला. तानीने पेढ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "मागल्या साली एक पावना आल्ता. त्यानं बी गोळ्या वाटल्या. बंड्यानं बीळ दावलं, नि दुसऱ्या दिशी त्यातलं मांजर नव्हतं. नुसता खड्डा."

बंड्या मान खाली घालोन बसला. "बरे, बोलू नका, निदान बोट तरी दाखवा!" पंत म्हणाले, तो एकतीस पोरांनी एकतीस जोड्या हात पाठीमागे नेले. त्या मुलुखी रीत आहे, जे वेलीवरील कोवळ्या भोपळ्यास बोट दाखवू नये, दाखविल्यास नासतो. सोमीबाईने तीच रीत बिळास लाविली होती आणि पहिला धडा हाच दिला होता.

पंत मास्तरांकडे वळले. "तुम्ही सांगा. रकाना कोरा राहिला तर नेमणूक रद्द. नियम आहे." मास्तरांस बीळ ठाऊक होते. एक शब्द बोलावा आणि सोमीबाई वर्षभर राहावी, ऐसा सौदा समोर होता. त्यांणी दाराकडे पाहिले. बाई तेथेच उकिडवी बसली होती, ती म्हणाली, "मास्तर, माझ्यासाठी नका बोलू. भट्टी मला नवी नाय." मास्तर म्हणाले, "साहेब, कोराच ठेवा. हिने शिकवले ते मीच मोडले, तर उद्या पोरांस कोणत्या तोंडाने शिकवू?"

पंतांनी पेढा परत खिशात ठेविला. तेवीस शाळा तपासल्या होत्या, पेढा नाकारणारी ही पहिलीच. शिपाई कानाशी लागला, "साहेब, लाल शेरा मारू?" पंत गरजले, "गप रे! शिकवलेले अंगी लागले, याहून मोठी पावती कोणती?" मग लेखणी उचलून 'स्थान' या रकान्यात सुवाच्य अक्षरी लिहिले, 'सुरक्षित', आणि खाली सही केली. राजधानीस कागद गेला. तेथील कारकुनांनी रकाने मोजिले, सर्व भरले होते, आणि तीन वर्षांची नेमणूक कायम करून दिली. सोमीबाईस कळविताच ती म्हणाली, "तीन वर्सं? मग आता सही शिकते." बंड्याने तिला पाटी आणून दिली.

सारांश, राजाने द्रव्य दिले, बाईने विद्या दिली, पोरांनी मौन दिले, आणि मुजुमदारांनी एक शब्द दिला. पुढील साली खवले मांजरास पिल्लू जाहले. घडले तितके लिहिले. याहून अधिक लिहिणे म्हणजे वाट दाखविणे होईल.