खाली वाला क्वार्टर

सकाळी साडेआठला फोन वाजला तेव्हा अच्युतराव देवस्थळींची अर्धीच दाढी झाली होती. तोंडावरच्या साबणासकट त्यांनी फोन उचलला. हबीबगंज स्टेशनवरून पाहुण्यांना आणायला पाठवलेला टॅक्सीवाला शकील बोलत होता.

"साब, सेक्टर तो मिल गया, लेकिन क्वार्टरों के नंबर सब चूने में दब गए हैं. कौन सा वाला है? ऊपर वाला?"

"ऊपर नहीं, ऊपर नहीं. खाली. खाली वाला."

"खाली वाला?"

"हाँ. एकदम खाली वाला."

"जी साब," शकील म्हणाला. अच्युतराव समाधानाने उरलेल्या गालाकडे वळले.

अच्युतरावांना भोपाळात येऊन तेहेतीस वर्षं झाली होती. कारखान्यात लागले तेव्हा साधे टेक्निशियन होते, आता फोरमन होते आणि दहा महिन्यांनी निवृत्त व्हायचे होते. या काळात त्यांचं हिंदी हातपंपासारखं झालं होतं. आवाज फार, पण पाणी येई. फक्त एक शब्द काही सुटला नव्हता. नलिनीताई लग्नानंतर पहिल्या महिन्यापासून सांगत होत्या, "अहो, नीचे म्हणा, नीचे. हिंदीत खाली म्हणजे रिकामं." अच्युतराव मान डोलवत आणि दुसऱ्या दिवशी दूधवाल्याला सांगत, "भैया, हम खाली रहते हैं."

आजचा पाहुणा साधा नव्हता. प्रोफेसर हाल्वोर्सेन नॉर्वेहून दिल्लीला आणि तिथून रात्रीच्या गाडीने भोपाळला आले होते. अच्युतरावांची मुलगी सुचेता शाहपुऱ्यातल्या एका संस्थेत शास्त्रज्ञ होती. उत्तर ध्रुवाजवळच्या एका हिमनदीवर नॉर्वे, जपान आणि भारत मिळून संशोधन करणार होते, आणि बर्फाच्या तळाशी वाहणाऱ्या पाण्याचा अभ्यास आपल्याकडे यावा म्हणून तिने तीन वर्षं जिवाचं रान केलं होतं. प्रोफेसर तिची योजना समजून घेणार, दुपारी बारा वाजता नॉर्वे आणि जपानशी फोनवर एकत्र बोलणं होणार, त्यात काम कुणाला ते ठरणार, आणि तीनच्या विमानाने ते परत जाणार. हॉटेलपेक्षा घरी निवांत बोलता येईल, असं अच्युतरावांनीच सुचवलं होतं. सुचेता नकाशे आणायला संस्थेत गेली होती.

नऊ वाजले. सुचेता आली, पाहुणे नाहीत. साडेनऊ झाले. नलिनीताईंनी दडपे पोहे झाकून ठेवले. प्रोफेसरांचा फोन इथे चालत नव्हता आणि शकील दुसरी सवारी घेऊन कुठेतरी गेला होता. त्याचा फोन लागला तेव्हा सव्वादहा झाले होते.

"छोड़ दिया ना साब, आपने बोला था वहीं. खाली वाले में."

"खाली वाले में तो मैं बैठा हूँ," अच्युतराव म्हणाले.

"आप कैसे बैठे हो साब? वो तो खाली है."

अच्युतरावांना काही उमजेना, त्यांनी शकीलचं वाक्य मोठ्याने म्हणून दाखवलं. नलिनीताईंच्या मात्र चटकन लक्षात आलं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "तेहेतीस वर्षं सांगतेय हो मी."

झालं होतं ते असं. शकीलने रस्त्यातल्या एका माणसाला विचारलं होतं की इथे खाली क्वार्टर कुठला. आता कॉलनीत हा प्रश्न विचारायची खोटी. कुणाच्या मुलीचं लग्न कुठे ठरलं हे एक वेळ ठाऊक नसेल, पण कुठला क्वार्टर रिकामा आहे हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. मागच्या गल्लीतला एकशे सहा नंबर आठ महिने कुलपात होता आणि त्यावर तिघांचा डोळा होता. शकीलने प्रोफेसरांना तिथल्या पायरीवर उतरवलं, अदबीने सलाम केला आणि तो निघून गेला. प्रोफेसरांना वाटलं, यजमान बाहेर गेले असतील, येतीलच. त्यांनी पायरीवर बसकण मारली, बॅगेतून हिमनदीचा भलाथोरला नकाशा काढला आणि व्हरांड्यात अंथरला.

एक गोरा साहेब नकाशा घेऊन एकशे सहामध्ये बसलाय, ही बातमी दहा मिनिटांत गल्लीभर झाली. पंधराव्या मिनिटाला क्वार्टर परदेशी कंपनीच्या साहेबाला मिळाल्याचं ठरलं, आणि विसाव्या मिनिटाला तो भिंती पाडून दोन क्वार्टरांचा एक करणार असल्याचंही. क्वार्टरच्या प्रतीक्षायादीत पहिला नंबर असलेल्या श्रीकांत दुबेने तिथल्या तिथे हरकतीचा अर्ज लिहिला. सिक्युरिटीचे दोन जवान आले. अलॉटमेंट लेटर विचारलं, ते पाहुण्याकडे नव्हतं, म्हणून त्यांनी अतिशय सन्मानाने त्याला इस्टेट ऑफिसात नेलं.

ही सगळी हकीकत देवस्थळी कुटुंबाला एकशे सहाच्या रिकाम्या पायरीसमोर उभं राहून ऐकावी लागली. अच्युतरावांनी काही बोलायला तोंड उघडलं.

"बाबा, आता तुम्ही कुणाला काही सांगू नका," सुचेता म्हणाली. तिचा आवाज चिडका नव्हता, रडवेला होता, आणि तेच अच्युतरावांना सोसवलं नाही. लेकीची तीन वर्षं आपल्या एका शब्दाने मातीत घातली, असं मनाशी म्हणत ते तिच्या स्कूटरवर मागे बसले.

इस्टेट ऑफिसात पोचले तेव्हा साडेअकरा होत आले होते. बाहेर चपलांचा ढीग होता, जणू आत सत्यनारायण चालला होता. आत टेबलावर नकाशा पसरला होता. त्याच्या चार कोपऱ्यांवर पेपरवेट म्हणून दोन स्टँप पॅड, एक पंचिंग मशीन आणि पोहे-जलेबीची रिकामी बशी होती. प्रोफेसर खाणाखुणा करून हिमनदी कशी मागे सरकतेय ते दाखवत होते, आणि सिक्युरिटीचे जवान, श्रीकांत दुबे व यादीतले बाकीचे दोघे तन्मयतेने बघत होते. उरलेली जलेबी हरकतीच्या अर्जावर ठेवली होती.

ऑफिसचे हेडक्लार्क नारायण ठेंगडी मूळचे नागपूरचे. अच्युतरावांना बघून म्हणाले, "देवस्थळी साहेब, हे पाव्हने तुमचे होत का? मंग सकाळीच सांगाचं ना जी. म्या तं यायच्याकडून अलॉटमेंटचा फॉर्म भरून घेतला. अक्षर मोठं सुंदर आहे बरं."

सुचेताने माफी मागायला सुरुवात केली, पण प्रोफेसरांनी तिला हाताने थांबवलं आणि इंग्रजीत विचारलं की, हे गृहस्थ अर्ध्या तासापासून काहीतरी विचारताहेत, त्यांचं म्हणणं काय आहे?

ठेंगडींनी चष्मा कपाळावर सरकवला. "कसं आहे पोरी, आमच्याइथं कोनी क्वार्टर खाली करते तं आमी यादी करतो. पंखे किती, नळ किती, काय तुटलं, काय संगं नेलं. हे म्हनतेत का बर्फ जागा खाली करून चाललं. ठीक आहे. पन जाताना काय काय घेऊन चाललं, त्याची यादी कोन करते?"

सुचेताच्या पिशवीत तिच्या योजनेची नऊ पानं होती. तळाशी किती पाणी वाहतं, त्याच्यासोबत माती किती जाते, बर्फात अडकलेलं जुनं काय काय सुटतं, कुठल्या साली कुणी काय मोजायचं. नऊ पानांत तिला जे नीट सांगता आलं नव्हतं ते ठेंगडींनी एका वाक्यात सांगितलं होतं.

"यादी मी करणार आहे काका," ती म्हणाली, आणि मग वळून प्रोफेसरांना तिने दोन्ही वाक्यं इंग्रजीत सांगितली.

घरी जाऊन फोन घ्यायला वेळ उरला नव्हता. प्रोफेसरांनी ठेंगडींच्या टेबलावरचा नंबर नॉर्वेला कळवला. बाराला घंटी वाजली, स्पीकर चालू झाला आणि नकाशाभोवती कॉलनी श्वास रोखून उभी राहिली. सुचेता नऊ पानं पिशवीतच ठेवून बोलली. क्वार्टर, ताबा आणि यादी इथून तिने सुरुवात केली. जपानच्या बाईंनी दोन प्रश्न विचारले, नॉर्वेहून कुणीतरी हसलं. पंचवीस मिनिटांनी तळाच्या पाण्याचं काम भोपाळला मिळालं. इंग्रजी न कळताही श्रीकांत दुबेने टाळ्या वाजवल्या. बहुधा एकशे सहा आता आपलाच, या आनंदात.

निघताना प्रोफेसरांनी विचारलं की, मला त्या रिकाम्या घरी नेलं तरी कशामुळे? अच्युतराव पुढे झाले. सगळं इंग्रजी गोळा करून म्हणाले, "सर, माय मिस्टेक. खाली." मग सुचेताने समजावलं, की मराठीत खाली म्हणजे तळाशी आणि हिंदीत खाली म्हणजे रिकामं. प्रोफेसरांनी वही काढून शब्द टिपून घेतला. बर्फाच्या तळाशी काय चाललंय म्हणून ती जागा रिकामी होतेय, हाच तर आपला प्रश्न आहे, ते म्हणाले, आणि हिमनदीवरच्या आपल्या छावणीला अजून नाव नाही.

त्या दिवशी अच्युतरावांना सगळ्यांचेच उपकार वाटत होते. पोहे खाऊ घालणाऱ्या जवानांचे, चुन्यात नंबर बुडवणाऱ्या रंगाऱ्याचे, शकीलचेसुद्धा. आणि ठेंगडींचे तर इतके, की हातात धरलेला त्यांचा हात ते कितीतरी वेळ सोडेचनात. परमुलखात आलो म्हणून तेहेतीस वर्षं कधीमधी हळहळलो, ते उगीचच, असं त्यांना मनापासून वाटलं.

दहा महिन्यांनी क्वार्टर खाली करताना ठेंगडी स्वतः यादी करायला आले. पंखे तीन, नळ पाच, सगळं जागच्या जागी. सही करताना दोघांचेही डोळे ओले झाले. देवस्थळी शाहपुऱ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले, आणि त्याच उन्हाळ्यात हिमनदीवरून सुचेताचा फोन आला. घरघरीतून एवढंच ऐकू आलं, "आई, मी खाली पोचले. सुखरूप आहे. पाटीवर नाव देवनागरीत लिहिलंय."

नलिनीताईंना हे कुणाला सांगू आणि कुणाला नको असं झालं. त्या समोरच्या सक्सेनाबाईंकडे धावल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "भाभीजी, हमारी सुचेता अब खाली है."

सक्सेनाबाईंनी त्यांचा हात हातात घेतला. "दिल छोटा मत करो भाभीजी. आजकल कितनों के बच्चे खाली बैठे हैं. मिल जाएगी कहीं नौकरी."

संध्याकाळी सक्सेनांकडून वाडगाभर खीर आली. "कशाबद्दल पाठवली असेल हो?" नलिनीताईंनी विचारलं. "मी तर चांगली बातमी सांगितली, आणि त्यांचेच डोळे भरून आले."

अच्युतरावांना सगळं कळलं. तेहेतीस वर्षांचा हिशेब चुकता करायची संधी जिभेवर येऊन बसली होती. त्यांनी तिथे खिरीचा चमचा ठेवला.

"माणसं चांगली आहेत," ते म्हणाले, आणि वाडगा बायकोकडे सरकवला.