अब्लाबा, अब्लाबास

जगातली कुठलीही भाषा गॅलरीत येरझारा घालत पंधरा दिवसांत पाठ करता येते, असं माझं ठाम मत आहे. निदान २००४च्या डिसेंबरपर्यंत होतं!

आमच्या राजने स्पेनमध्ये लग्न केलं. त्याच्या सासूबाई, पिलारबाई, आम्हाला भेटायला नाशिकला यायच्या ठरल्या. मी जाहीर केलं, "विहीणबाईंना राजचं लहानपण मी त्यांच्याच भाषेत सांगणार!"

"एकुलता एक मुलगा आहे, त्याची शोभा करू नका म्हणजे झालं," माझी बायको यशोदा म्हणाली.

पुस्तक उघडलं. पूर्वी जे नेहमी घडायचं ते सांगायला स्पॅनिशमध्ये वेगळा भूतकाळच आहे. लहानपणाच्या मापाने शिवलेला! क्रियापदंही नियमित, पोस्टातल्या आमच्या साहेबांपेक्षा कितीतरी. पाठांतराची मला एकच रीत ठाऊक, पाढ्यांची. सकाळी आंघोळ करून, पंचा नेसून, गॅलरीत खड्या सुरात: "अब्लाबा, अब्लाबास, अब्लाबा! अब्लाबामोस, अब्लाबाइस, अब्लाबान!" म्हणजे मी बोलायचो, तू बोलायचास, तो बोलायचा वगैरे.

चौथ्या दिवशी मखमलाबादहून झेंडू विकायला येणाऱ्या भागीबाईने खाली टोपली ठेवली आणि हात जोडले.

"भाऊ, कोन्या देवाचं हाये हे? कालपासून माझा गुडघा लय हलका झालाय!"

मी खुलासा करणारच होतो. पण पोस्टाच्या खिडकीत छत्तीस वर्षं बसलो, कुणी कधी हात जोडले नव्हते. खुलासा उद्यावर ढकलला.

आठवड्याभरात अंगणात वीस माणसं! मी पहिला शब्द म्हणायचा, पुढचे त्यांनी उचलायचे. शेजारचे मल्हारी टाळ घेऊन येऊ लागले. कॉलनीतल्या कुसाबाईंनी तर "कोमिया, कोमियास", म्हणजे 'खायचो, खायचास', एकादशीच्या निर्जळी उपवासाला लावलं!

राजबरोबर विहीणबाई आल्या. त्यांना बघायला अख्खी कॉलनी हॉलमध्ये दाटली. राज लहानपणी फार बोलायचा, इथून सुरुवात करायची ठरवून मी उभा राहिलो.

"राज अब्लाबा..."

"अब्लाबास! अब्लाबा! अब्लाबामोस!" टाळ खणखणला. पिलारबाईंच्या बशीत चहा सांडला.

बरं, त्याचं खाणं तरी सांगू.

"राज कोमिया..."

"कोमियास! कोमिया! कोमियामोस!" भागीबाईने विहीणबाईंच्या डोक्यावर ओंजळभर झेंडू उधळला.

राज भिंतीकडे तोंड करून गदागदा हसत होता.

"सांगा ना आता," यशोदा म्हणाली, "कोणत्या देवाचं ते!"

सांगितलं. देव नाही, क्रियापद आहे.

"असू द्या की," भागीबाई म्हणाली. "गुडघा तर बरा हाये ना!"

पिलारबाईंनी केसांतल्या पाकळ्या काढून पदरात, म्हणजे रुमालात ठेवल्या. मग जावयाकडून सहा महिने घोकलेलं एकेक अक्षर सांभाळत मला म्हणाल्या, "राज लहानपणी काय करायचा? मराठीत सांगा ना."