भट्टी पेटलेल्या दिवशीचे आप्पा

आप्पांच्या परसातून धूर निघाला की आमच्या निपाणीच्या गल्लीत आनंदीआनंद होतो. धूर म्हणजे आप्पांची भट्टी पेटली, आणि भट्टी पेटली की ती विझेपर्यंत आप्पांनी रागवायचं नाही, असा त्यांचाच नियम. मग एरवी ज्यांना त्यांच्या फाटकाशी उभं राहायचा धीर होत नाही, ते सगळे त्या दिवशी कामं काढून येतात. समोरच्या भाऊंनी आधी नेलेली शिडी परत न करताच ड्रिल मशीन मागितलं, ते अशाच एका दिवशी. पोरं मुद्दाम त्यांच्याच भिंतीवर कोळशानं स्टंप काढतात. आमच्या नारळाच्या झावळ्या त्यांच्या टाकीवर पडतात ही गोष्ट मीही भट्टीचा मुहूर्त साधूनच सांगून टाकली. आप्पांनी डोळे मिटले, मोठा श्वास घेतला आणि दात आवळून म्हणाले, "पडू द्यात बाई. झाडच हाय त्ये."

हे तेच आप्पा, ज्यांची हयात आयटीआयमध्ये पोरांना लोहारकाम शिकवण्यात गेली आणि ज्यांचा आवाज म्हणे घणाच्या आवाजावर चढायचा. स्टँडवर चिकोडीची गाडी उशिरा आली तर ते कंट्रोलरशी भांडायचे, आणि वेळेवर आली तर कालच्या उशिराबद्दल भांडायचे. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला ओरडून ओरडून त्यांनी एकदा नवरदेवाचाच घास अडकवला होता. माणूस मनाचा वाईट नाही. पण मन दिसायच्या आधी आवाज ऐकू येतो, त्याला काय करणार?

हे भट्टीचं वेड मलेशियातून आलं. त्यांचा मुलगा मिलिंद तिकडं एका कारखान्यात इंजिनिअर आहे. आप्पा आणि त्यांच्या बायको आक्का त्याच्याकडे राहायला गेले होते, तेव्हा बापाची आवड ओळखून तो त्यांना एका खेड्यातल्या म्हाताऱ्या लोहाराकडे घेऊन गेला. हा लोहार केरिस घडवतो. केरिस म्हणजे तिकडची नागमोडी पात्याची कट्यार. तिला ती माणसं नुसतं हत्यार मानत नाहीत. लोहार आंघोळ करतो, लोखंडासमोर गप्प बसून राहतो, धूप घालतो, मंत्र पुटपुटतो आणि मगच विस्तव फुंकतो. थरावर थर चढवत एकेका पात्याला महिने लावतो.

"आपण खंडेनवमीला हत्याराला हळदकुंकू लावून मोकळं हुतो," आप्पा आम्हाला सांगतात. "ती माणसं रोज लावल्यागत वागत्यात."

पुढचं मात्र ते सांगत नाहीत. ते मला आक्कांनी सांगितलं. त्या म्हाताऱ्याचं संथ काम बघून आप्पांचे हात शिवशिवायला लागले. ह्यांना विजेवरचा घण, पॉवर हॅमर, बसवायला सांग, म्हणून ते मिलिंदच्या मागं लागले. मिलिंद सांगेना, तेव्हा आप्पांनी परक्या अंगणात, परक्या माणसांदेखत, चाळिशीला आलेल्या पोराला झाडलं. म्हाताऱ्यानं हातोडी खाली ठेवली, भट्टीवर पाणी ओतलं आणि हळू आवाजात काहीतरी बोलला. "लोखंड ऐकतं म्हणत्यात," मिलिंदनं सांगितलं. "आजचं काम गेलं त्यांचं." परत आल्यापासून मिलिंदचा फोन येतो तो आक्कांना. आप्पांची चौकशी तो त्यांच्यामार्फत करतो, आणि आप्पाही टीव्हीचा आवाज कमी करून ऐकतात, पण फोन मागत नाहीत.

दिवाळीला मिलिंद येणार आहे. तोवर त्या म्हाताऱ्याच्या नियमांनी एक पातं घडवायचं आणि पोराच्या हातात द्यायचं, एवढंच आप्पांनी धरून ठेवलंय.

"विमानात सोडत्यात व्हय असली सुरी?" आक्का विचारतात.

"नेऊ नगं म्हणावं. हातात घेतली तरी बास हाय."

नियम कडक आहेत. शिवी नाही, आवाज नाही. राग आला की भट्टीवर बादली ओतायची आणि ते लोखंड टाकून द्यायचं. म्हाताऱ्याचा एक शब्दही आप्पांनी सोबत आणलाय, सबर. तिकडंही धीराला सबरच म्हणतात, याचं त्यांना भारी कौतुक. पहिले काही दिवस ते हा शब्द स्वतःलाच एवढ्या जोरात सांगायचे की शेजारचं बाळ उठायचं.

ट्रकच्या कमानीचे भंगारातले पाटे आणून त्यांनी सुरुवात केली. एक पातं दूधवाल्यापायी गेलं. एक वीज गेली म्हणून. लाइनमन खांबावरून "स्वल्प तडीरी" म्हणाला, जरा थांबा एवढंच म्हणाला बिचारा, पण थांबा हा शब्द आप्पांना कानडीतही सोसत नाही. एक सदलग्याच्या मेव्हण्यानं घालवलं. वळणांकडे बघून तो म्हणाला, "दाजी, ह्ये गरम करून सरळ हुईल की." टाकलेली सगळी पाती आक्कांनी दोडक्याच्या वेलाला आधाराला रोवलीत. दोडकी मात्र यंदा लई लागली.

पण हे शेवटचं पातं टिकलं. गल्लीनं जंग जंग पछाडलं, पोरांनी टाकीत चेंडू घातला, भाऊंनी ड्रिल मशीन मोडून परत आणलं, तरी बादली जागची हलली नाही. नागाच्या चालीसारखी वळणं अगदी डौलदार आली. मला खरंच अभिमान वाटायला लागला होता. आता पाणी पाजायचं तेवढं राहिलं होतं, म्हणजे पातं लाल करून योग्य क्षणी तेलात बुडवायचं. क्षण चुकला की पातं जळतं.

त्या दिवशी आक्का बाजाराला जाताना मला बसवून गेल्या. "कोण आलं तर फाटकातनंच परत लावून द्या, बाई."

आप्पा आंघोळ करून, धूप घालून भट्टीशी बसले होते. भात्याचा पंखा घुमत होता. पातं लाल व्हायला लागलं, त्यांनी सांडशी उचलली, आणि कट्ट्यावर आक्का विसरून गेलेला फोन वाजला. मिलिंदचा होता. मी तो नुसता त्यांच्यासमोर धरला. आप्पांनी एकदा पात्याकडं पाहिलं, सांडशी खाली ठेवली आणि फोन घेतला.

"आई बाजाराला गेलीया." पलीकडून काहीतरी बोलणं झालं. "न्हाय, ठेवू नगंस. मी बोलतोय न्हवं. जेवलास काय?"

मग मिलिंद बोलायला लागला. काय ते मला ऐकू आलं नाही, पण बराच वेळ बोलत होता. आप्पा मान खाली घालून "व्हय", "बरं", "व्हय रं" एवढंच म्हणत होते. समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत गप्प बसलेले आप्पा मी पहिल्यांदाच पाहत होते. पातं पिवळं झालं, मग पांढरं. मी हातवारे करून भट्टी दाखवली. त्यांनी बघितलं आणि मला हातानंच बसा म्हणून खुणावलं. पात्यातून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडायला लागल्या. पंखा बंद करावा हे मलाही सुचलं नाही.

फोन संपला तेव्हा टोकाची दोन्ही वळणं जळून गेली होती. आप्पांनी सांडशीनं पातं बाहेर काढलं आणि फरशीवर ठेवलं. आता काय ऐकावं लागणार म्हणून मी अंग चोरून बसले.

"आप्पा, एवढं झालेलं काम," मी म्हणाले. "नंतर करतो म्हणायचं होतं त्याला."

त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं. डोळे धुरानं लाल झालेले नव्हते, हे मला कळत होतं.

"बोलत हुता त्यो, बाई," ते म्हणाले. "मधीच कसं तोडायचं?"