घरात कोणी नाही!

बेल वाजली. उपेंद्रने झटकन टीव्ही बंद केला, हेमा स्वयंपाकघरात थिजली आणि दिया सोफ्यामागे गेली. महिनाभर हाच सराव!

दुबईत मंदी आली, उपेंद्रची नोकरी गेली आणि अल मनखूलचं भाड्याचं घर सोडून हौसेने घेतलेल्या फ्लॅटचे हप्ते थकले. बँकेने नेमलेल्या वसुली कंपनीची माणसं दार ठोठावू लागली. त्या धास्तीने उपेंद्रने दारावरची पाटी काढली, चपला आत घेतल्या. शेजारच्या शहनाझभाभींनाही पढवून ठेवलं, "कोणी विचारलं तर सांगा, इंडियाला गेले, खलास!"

कंपनीने नेमकं तेच उचललं. मालक पळाले, घर रिकामं आहे, लिलाव करा! घर हातचं जाणार म्हटल्यावर उपेंद्रने जीव मुठीत धरून कोर्टात दावा ठोकला, की आम्ही इथेच राहतो. खात्री करायला माणूस पाठवू, असं कोर्ट म्हणालं.

आता दाराच्या भिंगातून एक सूट दिसला. उपेंद्र कुजबुजला, "कोणी हलू नका!"

"बट बाबा, व्हॉट इफ ही इज फ्रॉम द कोर्ट?"

"कोर्टवाले फोन करून येतात गं!"

बाहेर शहनाझभाभी सांगत होत्या, "वो लोग? चले गए, हमेशा के लिए!"

"पक्का? कोर्ट में यही लिखकर देना है मुझे."

कोर्ट! बर्म्युड्यावरच उपेंद्रने दार उघडलं. "साहब, मैं यहीं रहता हूँ!"

भाभी शब्दाला जागणाऱ्या. "इनको तो मैंने कभी देखा ही नहीं," त्या ठासून म्हणाल्या आणि 'घाबरू नका' अशी उपेंद्रला खूण केली.

"अहो भाभी, काल तुमच्याकडून कोथिंबीर नाही का नेली? धनिया, धनिया!"

"कौन सा धनिया?"

साहेबांनी पेन उघडलं. तेवढ्यात आत कुकरची शिट्टी झाली. घाबरलेली हेमा गॅस बंद करायलाच विसरली होती.

साहेब थबकले. "घर खाली है, और दाल पक रही है?"

घरात माणसं राहतात, असं साहेबांनी लिहून दिलं आणि निकाल लागेपर्यंत लिलाव थांबला. हप्ते मात्र थकलेलेच होते. उपेंद्रने भाभींना नव्याने पढवलं, "आता कोणीही येऊ दे, इथेच राहतात म्हणायचं."

आठवड्याने बेल वाजली. भिंगात वसुलीवाला! सवयीने तिघंही सोफ्यामागे गेली.

"हाँ हाँ, यहीं रहते हैं!" बाहेरून भाभींचा खणखणीत आवाज आला. "सोफ़े के पीछे बैठे होंगे. आप बेल बजाते रहिए!"