घरचं माणूस

नेकनूरजवळच्या महिला दूध सोसायटीतल्या बायकांचं समाधान दहापैकी नऊवरून तीनवर घसरलं आणि शिवकन्येने बेरीज पुन्हा करून पाहिली. ऐन दुष्काळात तिच्या संस्थेने ही सोसायटी उभी केली होती. तेव्हा घरोघरी जाऊन तिने विचारलं होतं, "दहापैकी किती समाधानी आहात?" दोन वर्षांनी पुन्हा तेच विचारायचं होतं. आकडा वाढला, तरच पुण्याचे देणगीदार दूध थंड करायचं यंत्र देणार होते. ते नसल्यामुळे उन्हाळ्यात निम्मं दूध नासत होतं.

बरं, तेव्हा विहिरी कोरड्या होत्या आणि जनावरं छावणीला. आता गोठ्यात चारा होता. अशा वेळी समाधान घटतं कसं, हे संस्थेतल्या कुणालाच कळेना. शिवकन्या तडक सोसायटीच्या अध्यक्षीणबाईंकडे गेली. साखराबाई धार काढत होत्या.

"मावशी, दुष्काळात नऊ म्हनलात. आता तीनच कावून?"

"तवा तू परकी होतीस. दारात आलेल्या पाव्हणीपुढं रडगाणं गावं का? आता तू घरची. तुला खरंच सांगावं लागंल. माझा गुडघा लई दुखतो, सून उलटं बोलती, जावयाला कामधंदा न्हाई."

"पण सोसायटीचा न् गुडघ्याचा काय संबंध?"

"समाधानी हाव का, आसं तूच इचारलं. मग गुडघा काढून कुठं ठिवू?"

शेजारच्या बायनाबाईंनी तर दोनच सांगितले होते. "म्हैस बादलीभर दूध देती," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "धा म्हनलं न् दिष्ट लागली मंजी?"

तेवढ्यात फोन वाजला. आकडे पाहून देणगीदारांचे मोहनराव स्वतःच चौकशीला येत होते, तेही उद्याच.

"मावशी, उद्या सायेबांनी इचारलं तर निस्तं सोसायटीचं सांगा. गुडघा नको."

"खोटं बोलायला शिकिवतीस व्हय?" साखराबाई बादली घेऊन आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मोहनराव सोसायटीत येऊन बसले. बायकांनी डोक्यावर पदर घेतले. मोहनरावांनी एकेकीला तोच प्रश्न विचारला.

"धा," साखराबाई म्हणाल्या.

"धा," बायनाबाई म्हणाल्या आणि दृष्ट लागू नये म्हणून त्यांनी लगेच बोटं मोडली.

"काही अडचण? दुखणंखुपणं?"

"छ्या. देवाच्या दयेनं समदं झ्याक हाय," साखराबाईंनी सांगितलं आणि पदराआडून हळूच गुडघा चोळला.

ओळीने सगळ्यांनी दहाच सांगितले. "मॅडम, तुमची विचारायची पद्धतच चुकली," मोहनराव समजुतीने म्हणाले. "लोकांचा विश्वास मिळवावा लागतो." यंत्र त्यांनी तिथंच मंजूर केलं. शिवकन्येला रागही आला आणि आनंदही झाला. आनंद थोडा जास्त होता.

मग साखराबाईंच्या ओसरीवर पंगत बसली. बाजरीची भाकरी, ठेचा, आणि घट्ट दही. मोहनराव बोटं चाटत म्हणाले, "पुढच्या वर्षीचं मोजमाप मीच करणार. त्याआधी दर महिन्याला येऊन जाईन."

"या की भाऊ," साखराबाईंनी आग्रहाने तिसरी भाकरी वाढली आणि त्यांच्या शेजारीच बैठक मारली. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता. "आता तुमी घरचेच. तर काय सांगत होते, ह्यो माझा गुडघा..."

शिवकन्या हातातला घास टाकून उठली. "सायेब, जीप कवाची उभी हाय," ती म्हणाली, आणि तिने मोहनरावांच्या चपला स्वतः सरळ करून ठेवल्या.