परबकाकांचा मुका कॅमेरा

परबकाकांना गाडीच्या मागे लावायला कॅमेरा हवा होता, पण तो मुका हवा होता. दुकानदार बिचारे एकाहून एक वाचाळ कॅमेरे काढून दाखवायचे. भिंत जवळ आली की बीप करणारे, फारच जवळ आली की किंचाळणारे. एक तर बाईच्या आवाजात ‘कृपया सावधान’ म्हणायचा. काका सगळं ऐकून घ्यायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "आवाज बंद होतो का?" होत नाही म्हटलं की उठायचे. "मग नको. तत्त्वाचा प्रश्न आहे."

परबकाका मुलुंडला आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहतात. सरकारी कचेरीत साहेब होते. आजही कोथिंबीर आणायला निघतात तेव्हा ‘दौऱ्यावर’ निघतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी एका फॅब्रिकेटरकडून जीपमागे जोडून ओढायची एक खोली बांधून घेतली. आत पलंग, ओटा, बेसिन, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. काका तिला ‘फिरतं निवासस्थान’ म्हणतात. सोसायटी ‘डबा’ म्हणते. या निवासस्थानाचा आजवरचा सर्वांत लांबचा दौरा मढपर्यंत झाला. तिथे समुद्राकडे तोंड करून काका-काकूंनी भात-कालवण खाल्लं, काका पलंगावर जरा आडवे झाले आणि संध्याकाळी दोघं घरी.

"रात्रीचे राहिला नाहीत?" मी विचारलं.

"आपल्या बाथरूमशिवाय मला जमत नाही," काका म्हणाले. मग पलंग कशाला केला, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

डबा बाहेर काढणं सोपं. खरा सोहळा तो परत जागेवर लावण्याचा. मागे घेताना डबा उलटा वागतो. स्टीयरिंग उजवीकडे फिरवलं की त्याची शेपूट डावीकडे जाते. म्हणून मागे काकू उभ्या राहतात. त्यांच्या पहिल्या सेकंडहँड गाडीपासून ही व्यवस्था आहे. पुढची सत्ता काकांची, मागची काकूंची. "येऊ द्या... येऊ द्या... डावीकडे घ्या... बास!" आणि पत्र्यावर दोन थापा. थापा पडेपर्यंत काका ब्रेकला पाय लावत नसत. मग मान बाहेर काढून कचेरीतली भाषा सोडून मालवणीत विचारत, "किती रवला गो?"

"चार बोटां!" काकू म्हणत. आणि डबा आणि भिंत यांच्यामध्ये खरोखर चार बोटंच मावत. मी घालून पाहिली आहेत.

गेल्या वर्षी मात्र डब्याने पंपाच्या खोलीची भिंत ठोकली. काही महिन्यांनी पुन्हा ठोकली. दोन्ही वेळा काका उतरून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझा पाय घसरला."

"परबभाई," आमचे सेक्रेटरी शाहभाई म्हणाले, "पाय तुमचा, पण भिंत सोसायटीची. आता परत ठोकला ना, तर हा डबा गेटच्या बाहेर."

गेटच्या बाहेर म्हणजे रस्त्यावर, म्हणजे टोइंगवाल्यांच्या तोंडी. काका कॅमेऱ्याच्या मागे लागले आणि मोबाइलवरून वस्तू मागवता येतात एवढ्या गुणावर मला सल्लागार नेमलं.

पहिला कॅमेरा जोडून पाहिला तो बीप करू लागला. काकू लगेच खिडकीत. "कसलो आवाज तो?"

"कोणाची तरी स्कूटर असेल," म्हणत काकांनी वायर उपटली.

दुसरा बिनवायरीचा. त्याचं चित्र उशिरा यायचं. "भिंत लागल्यावर भिंत दिसते," काका म्हणाले. "आमच्या ऑफिसात फायली अशा यायच्या." तिसऱ्याची स्क्रीन उत्तम होती, चांगली पुस्तकाएवढी, ती ‘दिखाऊ’ ठरली. काकांना तळहाताएवढी हवी होती आणि ती लावायची होती स्टीयरिंगच्या खाली, गुडघ्यापाशी. लेन्स नंबरप्लेटच्या दिव्याआड. शेवटी माझं डोकं फिरलं.

"काका, तुम्ही कॅमेरा लावताय की लपवताय?"

"लपवतोय," काका म्हणाले. या वेळी तत्त्व आलं नाही. त्यांनी जीपचं दार लावून घेतलं.

"तिला काचबिंदू आहे. समोरचं धूसर दिसतं, कडेचं जात चाललंय. दोन्ही वेळा थाप उशिरा पडली."

"काकूंना माहीत आहे?"

"काचबिंदू माहीत आहे. थापेचं नाही." काका स्टीयरिंग उगाच पुसत राहिले. "शिवण सुटलं. तांदूळ निवडणं सुटलं. परवा पेपर माझ्या हातात दिला, म्हणाली तुम्हीच मोठ्याने वाचा. आता एवढं एक राहिलंय रे. गाडीच बोलायला लागली, तर ती मागे येऊन उभी कशाला राहील?" मग म्हणाले, "आणि भिंतीचं काय, भिंत परत बांधता येते. मागे ती उभी असते."

मुका कॅमेरा अखेर मिळाला. रविवारी डबा चक्कर मारून आला. शाहभाई बाल्कनीत पेपर घेऊन बसले होते, पण पेपर वाचत नव्हते. मी काकांच्या शेजारी बसलो होतो. गुडघ्यापाशी, तळहाताएवढ्या उजेडात, काकू दिसत होत्या. पदर खोचलेला, हात वर, नजर भिंतीच्या जरा पलीकडे.

"येऊ द्या... येऊ द्या..."

काकांचे डोळे स्क्रीनवर. भिंत चांगली हात-दीड हात दूर असतानाच त्यांनी डबा थांबवला. काकूंचा हात हलतच होता. "येऊ द्या..." काकांनी क्लच दाबून ॲक्सिलरेटर दिला. इंजिन जोरात घुमलं. डबा तसूभर हलला नाही. "येऊ द्या... अजून... बास!" दोन थापा पडल्या. तेव्हा कुठे काकांनी हँडब्रेक करकचून ओढला.

"किती रवला गो?"

"चार बोटां!"

मधल्या जागेत एक स्कूटर आडवी लागली असती. "परबभाई, चार बोट?" शाहभाई बाल्कनीतून उठलेच. "अरे इथे तर..." मी खिडकीतून त्यांच्याकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. त्यांनी काकूंकडे पाहिलं. "झकास लावला," म्हणाले, आणि पेपर उघडून बसले.

काकू पत्र्यावरून हात फिरवत पुढे आल्या. काकांनी गुडघ्याने बटण दाबलं. स्क्रीन काळी झाली.

"काय रे, बरोबर ना?" काकूंनी मला विचारलं.

"चार बोटं, काकू. कमी नाही, जास्त नाही."

"बघितलंस?" माझ्याकडे बोट दाखवून काका काकूंना म्हणाले. "आणि हा मला सांगत होता, कॅमेरा घ्या!"