मधली फट

गायधनी काका प्रत्येक वाक्य मध्येच थांबवतात. "आज मेथी..." म्हणतात, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघतात आणि मग "महाग होती" म्हणतात. नवखा माणूस त्या मधल्या जागेत आपलं काहीतरी घुसवतो. तेव्हा तो दुसऱ्याच्या पाटावर येऊन बसला असावा, तसे काका त्याच्याकडे बघतात.

गंगापूर रोडला ते आमच्या वरच्याच मजल्यावर राहतात. ओझरच्या विमान कारखान्यात जन्मभर रेडिओ दुरुस्त केले, आता गिटारचा आवाज मोठा करणारे जुने, काचेच्या व्हॉल्व्हवाले अॅम्प दुरुस्त करतात. डावा हात कायम पँटच्या खिशात. "आत चारशे व्होल्ट असतात. दोन्ही हात घातले की..." दाराकडे नजर. "छातीतून जातात." ही सवय इतकी मुरली आहे की देवालाही ते एकाच हाताने नमस्कार करतात.

माझा अॅम्प हळू वाजवलं की खरखरायचा. काकांनी भरदुपारी पडदे ओढले, व्हॉल्व्ह निखाऱ्यासारखे पेटले आणि धडा सुरू झाला.

"दोन व्हॉल्व्ह, विनू. एक आवाजाची वरची बाजू ओढतो, दुसरा खालची. एकाने सोडायच्या आत दुसऱ्याने धरलं पाहिजे. करंट कमी पडला की मध्ये फट पडते. जोरात वाजवलं तर ती..." थांबले. "लपते."

मीटर अडकवून, मागचा बारीक स्क्रू फिरवून त्यांनी माझ्याकडूनच करंट वाढवून घेतला. खरखर गेली. मी स्वतःला इंजिनिअर समजू लागलो.

काकांच्या स्वतःच्या अॅम्पला मात्र तोच रोग होता. गिटारची तार हळूच छेडली की आवाज विझता विझता नाकातून काढल्यासारखं "हं" निघायचं. अगदी बाईमाणसाचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी स्वयंपाकघरात डोकावून आलो. कोणी नव्हतं. मालूकाकूंना जाऊन तीन वर्षं झाली होती.

एकदा काका दूध आणायला खाली गेले. म्हटलं, म्हाताऱ्याला चकित करू. डावा हात खिशात घातला आणि त्यांचा अॅम्प नीट केला.

काका आले. गिटार मांडीवर घेऊन त्यांनी तार छेडली. स्वच्छ सूर निघाला, हळूहळू विझला आणि संपला.

"दूध आज..." काका म्हणाले. दाराकडे बघत राहिले. वाक्य पुढे सरकेना. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

"नीट केलास का रे?"

मी मान हलवली.

"चाळीस वर्षं मी इथून बोलायचो, ती आतून हं म्हणायची. त्याशिवाय मला पुढचं सुचायचं नाही." त्यांनी गिटार पलंगावर ठेवली आणि पहिल्यांदाच खिशातून डावा हात काढून डोळे पुसले. "आता परत गेली बघ."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी स्क्रू होता तिथे फिरवला.

"दूध आज..." काका म्हणाले.

"हं."

"पातळच आहे," काका म्हणाले आणि समाधानाने चहा टाकायला उठले.

मी गिटारकडे पाहिलं. ती केव्हाची पलंगावर पडली होती. स्क्रू फिरवताना मी अॅम्पमधून काढलेली तिची वायर अजून माझ्या हातातच होती.

काकांना मी हे सांगितलेलं नाही. त्यांच्याकडे गेलो की आता मीही वाक्य मध्येच थांबवतो.